मोफत नव्हे, मुक्त!

गेल्या काही वर्षांत आमच्या भजनी मंडळांना ध्वनिमुद्रणाची हौस लागली आहे, आणि ती हौस स्तुत्य आहे. चतुर्थी जवळ आली, देवळाचा वर्धापनदिन आला, सप्ताहाची तिथी ठरली, की मंडळातील तरुण मंडळी संगणक उघडून बसतात. आरत्या आणि घुमटवादन टिपतात, त्यांवर संस्कार करतात, आणि चार दिवसांत ते सारे मोबाइलवरून गावभर, मुंबई-पुण्यापर्यंत, एवढेच नव्हे तर आखातात नोकरीस असलेल्या नातलगांपर्यंत जाऊन पोचते. ज्या कामासाठी पूर्वी शहरातील स्टुडिओचे उंबरठे झिजवावे लागत, ते आता घरच्या माजघरात होते. याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु त्या संगणकावर जे सॉफ्टवेअर चालते ते कोणाचे, ते कोणत्या वाटेने घरात शिरले आणि उद्या ते कोणाच्या हुकमतीत राहणार, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो आज आम्ही विचारणार आहोत. त्याचे उत्तर काहींना रुचणार नाही, याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे.

स्पष्टच बोलावयाचे तर, माजघरातील या सॉफ्टवेअरपैकी पुष्कळसे चोरीचे असते. ध्वनिमुद्रणाची नावाजलेली विक्रीची सॉफ्टवेअरे हजारो रुपयांना मिळतात. त्यांची कुलपे तोडलेल्या प्रती मात्र एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात बिनबोभाट फिरतात. विचारावे, तर हसून उत्तर मिळते, "सगळेच वापरतात!" शेजाऱ्याच्या कुंपणातील फुले तोडून देवाला वाहणारे भाविक आपल्याकडे पूर्वापार आहेत, आणि त्यांची थट्टाही पूर्वापार होत आली आहे. परंतु तो फुले तोडणारा निदान पहाटेच्या अंधारात जातो. त्याच्या मनाला थोडी तरी लाज असते. आमच्या मंडळांस तीही उरलेली नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ साली जी दुरुस्ती झाली, तिच्या अन्वये संगणकीय सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे, आणि त्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितलेला आहे. पण कायद्याचे भय दाखवून भजन शुद्ध होत नसते. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या संतांनी पोटासाठीसुद्धा असत्य जवळ केले नाही, त्यांचे अभंग लबाडीच्या हत्याराने घडवून देवापुढे ठेवण्यात विसंगती आहे, आणि ती ज्याला जाणवत नाही त्याने टाळ खाली ठेवून क्षणभर विचार करावा.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, "मग विकत घेऊ, नाही तर महिन्याच्या भाड्याने घेऊ." घ्यावे. चोरीपेक्षा ते शतपटीने बरे. परंतु विकत घेतलेल्या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्येही एक पारतंत्र्य दडलेले असते. आपण त्यात केलेले काम त्याच्याच स्वरूपात साठते. उद्या भाडे थकले, कंपनीने जुनी आवृत्ती मोडीत काढली किंवा तिचा कारभारच आटोपला, तर आपल्याच वडिलांच्या आवाजाचे सुटे-सुटे पदर आपल्याला उघडता येत नाहीत. धान्य आपले, कोठारही आपल्या घरात. पण किल्ली परक्याच्या कमरेला, असा हा प्रकार आहे.

यातून सुटण्याचा मार्ग गेली चाळीस वर्षे उघडा आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन या संगणकतज्ज्ञाने 'ग्नू' या नावाचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये त्याचा परवाना लेखी रूपात आणला. त्याच्या विचाराचे सार चार स्वातंत्र्यांत आहे : सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालविण्याचे, ते कसे चालते हे पाहून त्यात बदल करण्याचे, त्याच्या प्रती इतरांना देण्याचे, आणि आपण केलेली सुधारणाही इतरांना देण्याचे. इंग्रजी भाषेत 'फुकट' आणि 'स्वतंत्र' या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे त्या लोकांना हा भेद पुनःपुन्हा समजावून सांगावा लागतो. आपली भाषा या बाबतीत भाग्यवान आहे. आपल्याकडे 'मोफत' निराळे आणि 'मुक्त' निराळे. खेद एवढाच, की शब्द दोन असूनही आमचे लक्ष पहिल्यावरच खिळलेले असते. फुकट ते पौष्टिक, या न्यायाने आम्ही मुक्त सॉफ्टवेअरकडे पाहतो, आणि मग चोरीचे तर तितकेच फुकट आणि वर अधिक नावाजलेले, म्हणून तिकडे वळतो.

वास्तविक हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारणच नाही. छापखाना नव्हता तेव्हा अभंग, पदे आणि आरत्या बाडांतून जगल्या. एकाने बाड उतरवून घ्यावे, दुसऱ्याने त्याच्यावरून आपले करावे, चुकलेला शब्द दुरुस्त करावा, आपल्या गावची दोन पदे शेवटी जोडावीत आणि तिसऱ्याने मागितल्यास नाही म्हणू नये, अशी ती रीत होती. बाड दडवून ठेवणारा माणूस गावात कृपण ठरे. मुक्त परवान्यांतील जे कडक आहेत, ते नेमके हेच बजावतात : तुला मोकळेपणाने मिळाले, तर पुढे देताना त्याच मोकळेपणाने दे. चाल घेतो त्याने चाल द्यावी, हा भजनातला धर्म. तोच येथे कायद्याच्या भाषेत लिहिलेला आहे.

आता साधने कोणती, हे थोडक्यात सांगतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेले आणि २००० साली प्रसिद्ध झालेले 'ऑडॅसिटी' हे टिपण्यासाठी आणि कापजोडीसाठी पुरेसे आहे. शाळकरी मुलगा ते एका दुपारी शिकतो. अनेक मायक्रोफोनांवरील पदर निरनिराळे टिपून त्यांचे मिश्रण करावयाचे असेल, तर पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेले 'आर्डर' आहे. तालाचे साचे रचण्यासाठी 'हायड्रोजन', आणि पाश्चात्त्य स्वरलेखनासाठी 'म्यूझस्कोअर' आहे. यांतील आर्डरचे उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याची मूळ संहिता कोणीही घ्यावी, अभ्यासावी, स्वतः बांधून वापरावी. मात्र त्याच्या कर्त्यांकडून तयार बांधलेली प्रत हवी असेल, तर ते पैसे मागतात. मुक्त आणि मोफत यांतील अंतर याहून स्वच्छ कोणते दाखवावे?

आणि स्वातंत्र्य कागदावरचेच नाही, याचेही प्रमाण आहे. २०२१ साली ऑडॅसिटी एका कंपनीच्या ताब्यात गेले; वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्याविषयीच्या तिच्या धोरणावरून मोठा गहजब उठला. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत ग्राहकाने अशा वेळी चरफडण्यापलीकडे काय केले असते? येथे मात्र काही मंडळींनी तीच मूळ संहिता उचलली आणि आपली वेगळी चूल मांडली. कंपनीलाही खुलासा करावा लागला. देवस्थानच्या कारभारात ज्यांनी महाजनांचे तंटे पाहिले आहेत, त्यांना वेगळी चूल मांडता येण्याच्या हक्काचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु साधन मुक्त झाले म्हणून काम आपोआप चांगले होत नाही, आणि येथे आम्ही आमच्या तरुणांनाही दोन शब्द सुनावणार आहोत. घुमटाचेच घ्या. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून घोषित केले. घोरपडीला १९७२ च्या कायद्याने संरक्षण असल्यामुळे आता त्याला बकऱ्याचे कातडे चढवितात. या मातीच्या वाद्याला दोन तोंडे. मोठ्या तोंडावर उजव्या हाताची थाप पडते, आणि लहान उघडे तोंड डाव्या हाताने झाकून-उघडून त्यातला घुमारा वादक घडवितो. एकच मायक्रोफोन कातड्यासमोर ठेवला, तर थाप येते पण घुमारा हरवतो. दुसरा मायक्रोफोन लहान तोंडापाशी ठेवावा, तर दोन्हीकडच्या ध्वनिलहरी कित्येकदा परस्परविरुद्ध येतात आणि एकत्र केल्यावर खर्जच खाऊन टाकतात. तेव्हा दोहोंपैकी एक लहर उलटी करून पाहावी लागते. या सॉफ्टवेअरांत त्यासाठी साधी आज्ञा आहे. ऐकणारा कान मात्र आपला लागतो. शामेळाची कडकड आणि कासाळ्यांचा खणखणाट तर जवळच्या सगळ्या मायक्रोफोनांत घुसतो. म्हणून त्यांना घुमटापासून चार हात दूर बसवावे. खोलीचा प्रतिध्वनी मोडावयास महागडे फलक नकोत : आजीच्या गोधड्या दोरीवर टांगाव्यात, पंखा बंद करावा, आणि पावसाळ्यात पत्र्याखाली बसू नये.

मूळ मुद्रण नेहमी पूर्ण दर्जाचे ठेवावे. सेकंदाला ४८ हजार नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा, अशा दोन पदरी मुद्रणाला मिनिटास सुमारे १७ मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. आजच्या संगणकाला हे ओझे नाही. शिवाय 'फ्लॅक' या मुक्त स्वरूपात ते ध्वनीचा कणही न गमावता आणखी लहान होते. मोबाइलवर पाठवावयाची आक्रसलेली प्रत खुशाल निराळी करा. पण तीच तेवढी उरावी आणि मूळ पुसून जावे, हा करंटेपणा करू नका.

याहून गंभीर गोष्ट लयीची आणि स्वराची. ही सॉफ्टवेअरे, मुक्त असोत वा बंदिस्त, पाश्चात्त्य सवयींत वाढलेली आहेत. उघडताच ती चार मात्रांचे मोजमाप आणि सप्तकाचे बारा सारखे तुकडे पुढे करतात. आमचे तरुण ते निमूट स्वीकारतात. घुमटाची प्रत्येक थाप चौकटीच्या रेषेवर ओढून बसवितात, गळ्यातली मींड यंत्राकडून 'दुरुस्त' करवून घेतात, आणि आरती शेवटाकडे येताना जी लय उसळून चढते, तीच नेमकी ठार मारतात. षड्जाशी ५:४ या प्रमाणात लागणारा गांधार बारा समान तुकड्यांच्या गांधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या जवळजवळ सातव्या हिश्श्याने खाली असतो. तंबोऱ्याशेजारी वाढलेल्या कानाला हा फरक खुपतो. यंत्राला तो चूक वाटतो. आता बंदिस्त सॉफ्टवेअर जेवढे देईल तेवढ्यावर संतोष मानावा लागतो. मुक्त सॉफ्टवेअरात चौकट मोडण्याचा अधिकार आपल्या हाती आहे. हायड्रोजनमध्ये साच्याची लांबी सात किंवा दहा मात्रांची ठेवता येते आणि परक्या ढोलांऐवजी आपल्या घुमटाच्या थापा भरता येतात. २०१८ साली मुक्त झालेल्या 'सर्ज' या स्वरनिर्मितीच्या सॉफ्टवेअरला हवी ती स्वरांतरे लावून देता येतात. अधिकार आहे, पण तो वापरणारे कोठे आहेत? स्वातंत्र्य मिळूनही जुन्याच धन्याची चाकरी करणाऱ्यांत आमची गणना व्हावी, असे आम्हांस वाटत नाही.

"हे सगळे विदेशी, देवळात कशाला?" असे काही वृद्ध मंडळी म्हणतील. त्यांच्या मांडीपुढच्या पेटीकडे आम्ही आदरपूर्वक बोट दाखवितो. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात फ्रान्सहून आली. तिच्यात मींड नाही आणि तिचे स्वर बांधीव आहेत, म्हणून १९४० पासून तीस वर्षे आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवले होते. तरीही भजनाने तिला आपलेसे केले, कारण आपल्या कारागिरांनी तिचे अंग उघडले, भाता हाताशी आणला आणि जमिनीवर बसून वाजविता येईल अशी ती घडविली. जे उघडता येते ते आपले करता येते. ज्याला आतून हातच लावता येत नाही, ते कितीही वर्षे घरात राहिले तरी पाहुणेच.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : भजन देवासाठी असते, मुद्रणासाठी नव्हे. हे आम्हांस मान्य आहे. मुद्रण म्हणजे भजन नव्हे. बाडही भजन नव्हते. परंतु गायनाचार्या मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले, आणि आता दर उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर तेवढे डोके वर काढते. मोगूबाईंचा स्वर मुद्रणांतून आजही ऐकू येतो. केरीच्या केसरबाईंचा स्वर तर १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला. पण ज्यांचे नाव झाले नाही त्यांचे काय? प्रत्येक गावच्या देवळाची आरतीची एक चाल असते, सुवारीचे एक वळण असते, आणि ते एका-दोघा वृद्धांच्या हातांत उरलेले असते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी घरांतही पणजोबांनी नेलेल्या चाली अशाच दोन-चार कंठांत अडकलेल्या आहेत. गाव बुडण्यास धरणच लागते असे नाही.

येथेच मालकीचा प्रश्न येतो. अभंग कोणाच्या मालकीचा नाही. पण त्याचे ध्वनिमुद्रण मालकीचे असते. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, आणि त्याचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. मंडळाने दहा हजार रुपयांच्या आणि चार फलकांच्या मोहाने आपली आरती एखाद्या कंपनीच्या स्वाधीन केली, तर दोन पिढ्या ते मुद्रण परक्याचे. तेच घरी, स्वतःच्या खर्चाने केले, तर निर्माते आपणच. मात्र 'आपण' म्हणजे केवळ समितीचे अध्यक्ष आणि खजिनदार नव्हेत. आमच्या देवळांत सनई, चौघडा आणि गायन यांची सेवा पिढ्यान्पिढ्या ज्या समाजांनी केली, त्यांची नावे फलकांवर लागली नाहीत. संगमरवरावर देणगीदारांचीच लागली. कलाकारांच्या हक्काला कायद्यानेही ५० वर्षांची मुदत दिली आहे. निदान मुद्रणाच्या वहीत तरी कोणी वाजविले, कोणाकडून शिकले आणि त्यांची अनुमती घेतली की नाही, हे लिहिले गेले पाहिजे. जुना अन्याय नव्या यंत्रात भरून ठेवण्यासाठी आम्ही ही चळवळ मागत नाही.

"मुक्त सॉफ्टवेअर व्यावसायिक दर्जाचे नसते," हा तिसरा आक्षेप. चित्रपटांना पार्श्वसंगीत देणाऱ्यास काही विकतची साधने लागत असतील; त्याने ती रीतसर घ्यावीत. मुक्त साधने शिकण्यास कधी कधी वेळ लागतो आणि ती कधी अडतातही, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पाच माणसांची आरती टिपण्यास जे लागते ते सर्व त्यांत आहे. आरती बेसूर लागली तर दोष सॉफ्टवेअरचा नसतो.

आणि दर्जाची एवढी काळजी असणाऱ्यांना आम्ही उलट विचारतो : विजेच्या मोटरीवर घंटा आणि नगारा बडविणारी ती लोखंडी पेटी तुम्ही देवळात बसविली, तेव्हा दर्जाचा प्रश्न कोठे गेला होता? त्या पेटीला लय चढविता येत नाही, देवाच्या मुखाकडे पाहून क्षणभर थांबता येत नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाला काही शिकविताही येत नाही. माणूस मिळत नाही म्हणून ती आणली असे सांगतात. ती आल्यापासून माणूस शोधण्याचीच गरज उरली नाही, हे सांगत नाहीत. आमच्या डोळ्यांपुढचा संगणक याच्या अगदी उलट कामासाठी आहे. त्याच्यापुढे मुलाला बसविले, की त्याला वृद्ध वादकाच्या थापेकडे दहादा कान द्यावा लागतो. ऐकता ऐकता तो एक दिवस घुमट मांडीवर घेतो. तसे घडले नाही, तर आमचे सारे मुद्रण व्यर्थ आहे असे खुशाल समजावे.

तेव्हा देवस्थान-समित्यांस आणि मंडळांस आमचे सांगणे थोडके आहे. येत्या चतुर्थीपूर्वी मंडळाच्या संगणकावरून चोरीचे सॉफ्टवेअर काढून टाकावे. गावातील एका मुलाला आणि एका मुलीला मुक्त साधने शिकण्यास बसवावे, आणि त्यांच्या हाती दोन बरे मायक्रोफोन द्यावेत. रोषणाईतील एका कमानीचा खर्च वाचविला तरी ते येतील. प्रथम गावातील सर्वांत वृद्ध वादकाकडे जावे, मग बाकीच्यांकडे. मूळ मुद्रणाच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात आणि वादकालाही एक द्यावी. ज्यांनी ही साधने घडविली त्यांना जमेल तशी दक्षिणा पाठवावी; पैसे नसतील, तर त्यांतील आज्ञांचा मराठी आणि कोंकणी अनुवाद करून द्यावा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. आळस तेवढा सोडावा लागतो.

देवळाच्या विहिरीवर कोणी कुलूप घातले, तर सारा गाव उठेल. आपल्या नादावर पडलेले कुलूप आवाज करीत नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाही, एवढेच.